दात काढल्यावर लेकराचा ठणका: घरचे उपाय आणि त्यांची वेळ

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातले कुरुंदा हे हळद, ऊस आणि केळीच्या पट्ट्यातले गाव. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे खरचटले, कापले, की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. लेकराचा दात काढून आणला तरी तोच डबा उघडतो. मग कोणी लवंगेचे तेल सुचवते, कोणी तुरटी, तर कोणी चिमूटभर मिश्री.

यांतले काही उपाय खरोखर कामाचे आहेत, काही निरुपद्रवी आहेत आणि काही लेकराच्या जिवावर बेतू शकतात. शिवाय चांगल्या उपायालाही वेळ असते. मिठाचे कोमट पाणी दुसऱ्या दिवशी जखम साफ ठेवते. तेच पहिल्या दिवशी खळखळून घेतले तर पुन्हा रक्त सुरू होते. म्हणून इथे उपाय तासांच्या आणि दिवसांच्या क्रमाने दिले आहेत.

दात निघाल्यावर हिरडीत काय घडते

दाताचे मूळ जबड्याच्या हाडातल्या खोबणीत बसलेले असते. दात निघाला की ती खोबणी रक्ताने भरते आणि ते रक्त काही मिनिटांत गोठते. ही गुठळी म्हणजे शरीराने स्वतः बांधलेली पट्टी. ती उघडे हाड आणि मज्जातंतूंची टोके झाकते, अन्नाचे कण आत जाऊ देत नाही आणि पुढे तिच्यातूनच नवी ऊती वाढते. दोन-तीन दिवसांनी जागेवर पांढरट-पिवळसर थर दिसतो. पुष्कळ घरांत त्याला पू समजून कापसाने पुसले जाते. तो पू नसतो, भरून येणारी जखम असते. हिरडी साधारण एक ते दोन आठवड्यांत मिटते.

गुठळी वेळेआधी निघून गेली तर हाड उघडे पडते आणि तीव्र ठणका लागतो. त्याला दंतवैद्य ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. हा त्रास मुख्यतः मोठ्या माणसांत, खालच्या दाढा काढल्यावर आणि तंबाखू-विडी घेणाऱ्यांत दिसतो. मुलांत, विशेषतः दुधाच्या दातांनंतर, तो क्वचितच होतो.

त्यामुळे कोणताही घरगुती उपाय करताना आधी एवढेच पाहावे, की त्याने या गुठळीला धक्का लागतो का. ओढणे, चोखणे, टोकरणे, चोळणे, भाजणे यांपैकी काहीही होणार असेल तर तो उपाय बाजूला ठेवावा.

दुखणे किती आणि किती दिवस

हलणारा दुधाचा दात काढला असेल तर दुखणे बहुधा त्याच संध्याकाळपुरते असते. त्या दाताचे मूळ खालून येणाऱ्या कायमच्या दाताने आधीच बरेचसे झिजवलेले असते. किडलेली, घट्ट बसलेली दाढ काढली असेल, हिरडीला सूज असेल किंवा टाके पडले असतील तर दोन-तीन दिवस ठणका राहू शकतो. बधिरपणा उतरतो त्या पहिल्या काही तासांत दुखणे सर्वांत जास्त असते, नंतर ते उतरत जाते.

ही उतरती कमान लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिसऱ्या दिवशी दुखणे पहिल्या दिवसापेक्षा वाढले असेल तर घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठावा.

मोठे लेकरू बोटांनी सांगू शकते: एक बोट म्हणजे थोडे, पाच बोटे म्हणजे फार. दोन-तीन वर्षांच्या लेकराचे दुखणे त्याच्या वागण्यातून ओळखावे लागते. ते खेळते का, पाणी पिते का, झोप लागते का, गाल धरून बसते का, हे पाहावे.

पहिला तास: बोळा आणि दाब

दंतवैद्य जागेवर स्वच्छ गॉजचा बोळा ठेवून दात दाबून धरायला सांगतात. हा दाब साधारण अर्धा तास टिकवायचा. दर पाच मिनिटांनी बोळा काढून ‘थांबले का’ पाहिले की जमलेली गुठळी बोळ्यासोबत उचलली जाते. लेकरू लहान असेल तर मोठ्याने स्वच्छ धुतलेल्या हाताने बोळा हलका दाबून धरावा आणि लेकराला बसते ठेवावे. आडवे झोपवले की रक्त घशात उतरते, लेकरू ते गिळते आणि मग मळमळते.

अर्ध्या तासाने थोडे रक्त झिरपत असेल तर दुसरा बोळा किंचित ओला करून पुन्हा अर्धा तास दाबावा. घरी गॉज नसेल तर धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी चालते. सुटा कापूस टाळावा. त्याचे तंतू गुठळीला चिकटतात.

लाळेत मिसळलेले थोडेसे रक्तही पुष्कळ वाटते. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणे, रात्री उशीवर डाग पडणे यात घाबरण्यासारखे काही नाही. उशीवर जुना टॉवेल घालावा आणि डोके थोडे उंच ठेवावे.

बधिरपणा उतरेपर्यंत

जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनाने ओठ, गाल आणि कधी जीभ दोन-तीन तास, काही वेळा त्याहूनही जास्त बधिर राहते. लेकराला त्याची गंमत वाटते. ते ओठ चावते, गाल ओढते, नखाने कुरतडते. संध्याकाळी ओठ टरारून सुजतो, दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी जखम दिसते आणि घरचे समजतात की दाताची जागा पिकली. मुलांत इंजेक्शननंतर होणाऱ्या त्रासांपैकी हा नेहमी दिसणारा त्रास आहे आणि नुसत्या लक्ष ठेवण्याने तो टळतो.

या वेळात चावायचे काही देऊ नये, गरम दूध-चहा देऊ नये. शाळेत किंवा शेतात सोडू नये. कोणीतरी जवळ बसावे आणि ‘ओठ चावू नको रे बाळा’ असे मधूनमधून सांगत राहावे.

पहिला दिवस: बाहेरून गारवा

सूज आणि ठणका कमी करायला घरात मिळणारा सर्वांत चांगला नैसर्गिक उपाय म्हणजे गारवा. बर्फाचे खडे रुमालात गुंडाळून गालावर बाहेरून दहा मिनिटे धरावेत, मग दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि पुन्हा धरावेत. बर्फ उघडा लावला तर कातडी पोळते. फ्रीज नसेल किंवा वीज गेली असेल तर माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेली कापडाची घडी वापरावी. ती गरम झाली की बदलावी.

गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी चढते आणि वेदनेची जाणीव मंदावते. तव्यावरच्या फडक्याचा शेक किंवा गरम पाण्याची पिशवी पहिल्या दिवशी नेमके उलटे काम करते: रक्तप्रवाह वाढतो, रक्त पुन्हा झिरपते, सूज चढते.

याला एक अपवाद आहे. लेकराला सिकलसेलचा आजार असेल तर बर्फ लावू नये. थंडीने त्याला वेदनेचा झटका येऊ शकतो.

पहिल्या दिवशी पळापळ, सायकल, विहिरीत किंवा नदीत पोहणे बंद. दुसऱ्या दिवशी लेकरू ताजेतवाने असेल तर शाळेत जायला हरकत नाही. खेळाच्या तासाला मात्र एक दिवस सुट्टी द्यावी.

पहिल्या दिवशी चूळ नको

पहिल्या चोवीस तासांत चूळ भरणे, जोरात थुंकणे, नळीने काही ओढून पिणे आणि बर्फाचा गोळा चोखणे टाळावे. या सगळ्यांत तोंडात ओढ तयार होते आणि गुठळी हलते. रक्त तोंडात आले की थुंकावेसे वाटते आणि थुंकले की आणखी येते. लाळ गिळून टाकावी किंवा मान खाली घालून ओघळू द्यावी.

रात्री बाकीचे दात घासावेत, पण जखमेपासून ब्रश दूर ठेवावा. पेस्टही ओघळू द्यावी. दातवण, बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी आठवडाभर त्या बाजूला नेऊ नये.

दुसऱ्या दिवसापासून: मीठ-पाणी

चोवीस तास उलटले की मीठ-पाण्याची वेळ येते. एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा साधे मीठ विरघळवावे. घोट तोंडात घ्यावा, मान हळू त्या बाजूला कलवावी, अर्धा मिनिट ठेवावे आणि ओघळू द्यावे. खळखळायचे नाही. प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना, असे दिवसातून तीन-चार वेळा, पाच-सहा दिवस करावे. अडकलेले कण निघून जातात आणि हिरडी स्वच्छ राहते. मीठ जास्त टाकल्याने गुण लवकर येत नाही, जखम चुरचुरते एवढेच.

पाच-सहा वर्षांखालील लेकराला चूळ भरून टाकता येत नसेल तर हा उपाय सोडून द्यावा. ते खारे पाणी गिळून टाकते. त्याला जेवणानंतर साधे पाणी पाजले तरी पुरते.

काय खायला द्यावे

पोट रिकामे असले की लेकरू चिडचिडते आणि दुखणे जास्त जाणवते. बधिरपणा उतरल्यावर मऊ आणि गार किंवा कोमट खाणे द्यावे: मऊ मुगाची खिचडी, वरण-भात, दही-भात, ज्वारीची आंबील, दुधात कुस्करलेली पोळी, शिरा, केळी. कुरुंद्याच्या बाजूला केळीला तोटा नाही आणि या दोन दिवसांसाठी तिच्याइतके सोयीचे फळ दुसरे नाही; चावावे लागत नाही, चुरचुरत नाही आणि पोटही भरते. आइस्क्रीम द्यायचे तर चमच्याने द्यावे.

चिवडा, कुरमुरे, फुटाणे, पापड, शेंगदाणे आणि हुरडा आठवडाभर दूर ठेवावे. त्यांचे बारीक टोकदार कण खोबणीत अडकतात. ऊसतोडीच्या दिवसांत गावातली मुले उसाची कांडी दाताने सोलतात. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागे धावून ऊस ओढणे हा तर त्यांचा आवडता उद्योग. दात काढलेल्या लेकराला तो आठवडाभर बंद. चिंच, कच्ची कैरी, तिखट आणि मसालेदार रस्सा यांनी जखम झोंबते, तेवढ्यापुरते तेही थांबवावे.

‘भात खाल्ला की पू होतो’ अशी समजूत अनेक घरांत आहे आणि त्यामुळे लेकराला कडक भाकरी चावायला लावतात. भाताने पू होत नाही, जंतूंनी होतो. मऊ भात हे या दिवसांतले योग्य अन्न आहे. तसेच वरचा दात काढल्याने नजर कमी होते, ही भीतीही निराधार आहे. डोळ्याच्या मज्जातंतूचा आणि दाताच्या मज्जातंतूचा मार्ग वेगळा आहे.

हळदीचे काय करायचे

हळदीची कीर्ती खोटी नाही. तिच्यातल्या कुर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याचा दाह कमी करणारा गुण प्रयोगशाळांत दिसला आहे. 1995 मध्ये अमेरिकेत जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. हळदीचा हा उपयोग इथे पूर्वापार माहीत आहे, जुन्या ग्रंथांत आणि भारतीय नियतकालिकांत तो नोंदलेला आहे, हे परिषदेने पुराव्यानिशी दाखवले.

त्या निकालाने उपयोग जुना आहे एवढे ठरले. डब्यातली हळद दाताच्या खोबणीत भरावी की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. त्याचे उत्तर हळद कशी तयार होते हे पाहिलेल्या माणसाला सहज पटेल. काढणीनंतर हळद शिजवतात, मग ती कित्येक दिवस उघड्यावर उन्हात वाळते. तिच्यावर धूळ बसते, माणसे-जनावरे फिरतात. पुढे ती ड्रममध्ये पॉलिश होते, पोत्यांत भरली जाते, दळली जाते. भाजीत ती शिजते, म्हणून त्याचे काही वाटत नाही. उघड्या हाडाच्या खोबणीत मात्र अशी पूड म्हणजे बारीक कण आणि जंतू दोन्ही. रंग खुलवण्यासाठी शिशाचे क्रोमेट मिसळलेली पूडही बाजारात सापडलेली आहे आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

अक्कलदाढ काढलेल्या किंवा ड्राय सॉकेट झालेल्या प्रौढांवर हळदीच्या लेपाच्या काही छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत थोडा फायदा दिसला. पण तिथे दंतवैद्याने जखम आधी धुतली, मगच लेप भरला. चार-पाच वर्षांच्या लेकराच्या ताज्या जखमेला ते अनुमान लावता येत नाही.

म्हणून हळद पोटातून द्यावी, खोबणीत भरू नये. खिचडीतली, वरणातली हळद चालते. पहिल्या दिवसानंतर रात्री कपभर कोमट हळदीचे दूध देता येईल. त्याने दुखणे थांबेल अशी अपेक्षा नको. हळदीतले कुर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरते. पण दूध पोटात जाते, लेकरू शांत होते आणि आजीने काही केल्याचे समाधान सगळ्या घराला मिळते. दूध प्यायल्यावर दोन घोट साधे पाणी पाजावे.

लवंग आणि लवंगेचे तेल

लवंगेत युजेनॉल असते आणि ते खरेच बधिर करते. दंतवैद्यही त्याची मिश्रणे वापरतात. लेकरांसाठी मात्र घरची बाटली धोक्याची आहे, आणि तीन कारणांनी. एक, शुद्ध तेल ताज्या जखमेवर लागले की नाजूक ऊती भाजते. दोन, बोळ्यातून ते जिभेवर, गालावर, घशात पसरते. तीन, लहान मुलाने ते प्यायले तर फार थोड्या मात्रेतही जिवावर बेतते; चमचा-दोन चमचे तेल पोटात गेलेल्या लहान मुलांत झटके, बेशुद्धी आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

अख्खी लवंग दाढेखाली धरायला देणेही लहान मुलांत नको. ती घशात अडकू शकते आणि तिचे टोक जखमेत रुतते. अक्कलकाऱ्याचेही तसेच: जीभ-ओठ बधिर होतात आणि लेकरू ते चावते. मोठ्या माणसाच्या दाढदुखीला चालणारी वस्तू लेकराच्या जखमेलाही चालेल, असे गृहीत धरू नये.

हे तोंडात मुळीच नको

*मिश्री.* भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरडीला लावली की तात्पुरते बधिर वाटते, म्हणून दाढदुखीवर ती दिली जाते. लेकराच्या रक्तात त्यातून निकोटिन जाते, जखम भरायला वेळ लागतो आणि व्यसनाची सुरुवात घरातूनच होते. गुल आणि तंबाखूचे मंजन यांनाही हेच लागू.

*रुईचा चीक.* किडलेल्या दाढेत हा घालण्याची पद्धत जुनी आहे. चीक दाहक असतो; हिरडी भाजतो आणि हात डोळ्याला लागला तर डोळ्याला इजा करतो.

*बिब्बा.* त्याच्या तेलाने धडधाकट कातडीवरही फोड येतात. गालावर बाहेरूनसुद्धा लावू नये.

*रिंगणीच्या बियांची धुरी.* दाताला कीड म्हणजे आत खरोखरचा किडा, या समजुतीतून ती आली. फ्रान्सचे पिएर फोशार यांनी 1728 मधल्या आपल्या ग्रंथातच दातातल्या किड्याची कल्पना अमान्य केली होती. दात किडतो तो साखरेवर वाढणाऱ्या जंतूंच्या आम्लाने. गरम धुराने जखम आणि श्वास दोन्हींना त्रास होतो.

*तुरटी आणि चहापूड.* दोन्ही तुरट असल्याने हिरडी आकसते आणि रक्त थांबायला मदत होते हे खरे, पण खडे आणि पूड खोबणीत अडकतात. स्वच्छ बोळ्याचा दाब तेच काम अधिक चांगले करतो.

*ॲस्पिरिनची गोळी.* ती हिरडीवर ठेवली की तिथे पांढरा भाजलेला डाग पडतो. गिळायला दिली तर रक्त गोठणे मंदावते, आणि तापाच्या विषाणूजन्य आजारात मुलांना तिच्यामुळे राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा गंभीर विकार होऊ शकतो.

*मध.* एक वर्षाखालील बाळाला कोणत्याही कारणाने चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. मोठ्या लेकराच्या जखमेवरही तो लावून ठेवण्यात अर्थ नाही, साखर दातांवर राहते.

मन रमवणे हाही उपाय

लक्ष दुसरीकडे गेले की मुलांना वेदना कमी जाणवते; सुई टोचण्याच्या वेळच्या वेदनेबाबत हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. घरी त्यासाठी वेगळे साधन लागत नाही. आजीची गोष्ट, भेंड्या, चित्र रंगवणे, मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवणे यातले जे लेकराला आवडते ते करावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला मात्र, चोखण्याने गुठळी हलू नये म्हणून, पाजण्याआधी दंतवैद्यांना विचारून घ्यावे.

बोलण्याकडेही लक्ष असावे. ‘काही नाही झालं, रडू नको’ म्हटले की लेकराला वाटते, माझे कोणी ऐकतच नाही. त्यापेक्षा ‘दुखतंय ना? आता गार फडकं धरू, मग बरं वाटंल’ हे जास्त उपयोगी पडते. ‘गप नाहीतर पुन्हा डॉक्टरकडे नेऊन सुई टोचंल’ हा धाक तर अजिबात नको. पुढच्या वेळी दाढ किडली तरी ते सांगणार नाही आणि उपचार लांबतील.

घरच्या उपायांनी भागले नाही तर

औषध देणे म्हणजे नैसर्गिक उपाय हरला असे नाही. लेकरू दुखण्याने झोपत नसेल, खात नसेल, तर पॅरासिटामोल हे मुलांसाठी पहिले आणि योग्य मात्रेत सुरक्षित औषध आहे. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: दर किलोला एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. वीस किलोच्या लेकराला एका वेळी 200 ते 300 मिलिग्रॅम लागते.

खरी चूक बाटलीत होते. दुकानात 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असलेले सिरप मिळते आणि 250 मिलिग्रॅम असलेलेही. वीस किलोच्या लेकराला 250 च्या सिरपचे 4 ते 6 मिलिलिटर पुरतात. 125 च्या सिरपचे 8 ते 12 लागतात. बाळांसाठीचे थेंब त्याहून कितीतरी तीव्र असतात. म्हणून लेबल वाचावे, झाकणाच्या मापाने किंवा सिरिंजने मोजावे आणि घरातला चमचा वापरू नये. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामोल असते. दोन्ही एकत्र दिली तर मात्रा दुप्पट होते.

आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितले तरच, आणि पोटात काही गेल्यावर द्यावे. डेंग्यूची शंका असेल, उलट्या-जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले असेल तर ते देऊ नये. निमेसुलाइड 12 वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात 2011 पासून बंदी आहे. घरातल्या मोठ्यांच्या पाकिटातली अर्धी गोळी लेकराला देण्याआधी हे आठवावे. अँटिबायोटिक हे वेदनाशामक नाही. मागच्या वेळी उरलेली बाटली ठणक्यासाठी उघडू नये.

दवाखान्यात कधी न्यायचे

पुढीलपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये:

- दोनदा अर्धा-अर्धा तास दाब देऊनही रक्त थांबत नाही, किंवा तोंड पुन्हापुन्हा रक्ताने भरते.
- तिसऱ्या दिवसापासून दुखणे वाढते, जागेला दुर्गंधी येते.
- 101 फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप येतो.
- दोन दिवसांनंतर सूज उतरण्याऐवजी वाढते, ती डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकते.
- तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, श्वासाला त्रास होतो.
- लेकरू सुस्त पडते, पाणी पीत नाही, लघवी कमी होते.

श्वास किंवा गिळण्याचा त्रास असेल तर लगेच 108 ला फोन करावा. बाकीच्या वेळी ज्यांनी दात काढला त्यांच्याकडेच आधी जावे. ते जवळ नसतील तर वसमतचे सरकारी रुग्णालय, हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडच्या विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे पर्याय आहेत. गुंतागुंतीच्या दातांसाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

दात काढण्याआधी सांगायच्या गोष्टी

नंतरचा बराच त्रास आधीच्या चार वाक्यांनी टळतो. लेकराला जन्मजात हृदयविकार असेल, सिकलसेल किंवा हिमोफिलिया असेल, मार न लागता अंगावर निळे डाग उठत असतील, घरात कोणाचे रक्त लवकर थांबत नसेल, पूर्वी एखाद्या औषधाची रिॲक्शन आली असेल, तर ते दंतवैद्यांना आधीच सांगावे. लेकराचे वजनही सांगावे. निघण्यापूर्वी वेदनेच्या औषधाचे नाव, मिलिलिटर आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी. पहिली मात्रा बधिरपणा उतरण्याआधी द्यायची का, हे विचारावे. बऱ्याचदा त्यानेच पहिली संध्याकाळ सुसह्य होते.

दात काढायची वेळ येऊ नये म्हणून

‘दुधाचाच तर दात, पडणारच आहे’ म्हणून किडलेल्या दाढेकडे दुर्लक्ष होते. दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या सहाव्या-सातव्या वर्षी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. म्हणून दाढ काढल्यावर जागा राखणारी तार लागेल का, हे त्याच भेटीत विचारावे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे आणखी एक दाढ येते. तिच्या आधी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तिलाही दुधाची समजतात. ती कायमची असते आणि ती गेली की दुसरी येत नाही.

शाळा आणि अंगणवाडीत येणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके दातही तपासतात. हा कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झाला आणि त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होऊन पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मिळते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येणे अपेक्षित आहे. पथक येणार त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नये आणि चिठ्ठी मिळाली तर दाढ ठणकायची वाट न पाहता जावे. त्या टप्प्यावर पुष्कळदा दाढेत सिमेंट भरून भागते. दात काढायची आणि वर सांगितलेल्या कोणत्याच उपायाची गरज पडत नाही.